कोऱ्या पत्र्यावरचं कुंकू

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला एक लोहचुंबक लटकवलेला असायचा. रुपयाच्या नाण्याएवढा, पण चिवट. मी गेली सत्तावीस वर्षं पत्रा विकतो. घरावर घालतात तो नव्हे. तो सांगितला की लोकांना लगेच कळतं, माझा सांगितला की कळत नाही, म्हणून ही चुंबकाची सोय. कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी पाणी मागतात, मी आधी त्यांच्या फ्रिजला चुंबक लावून बघायचो. चिकटला की म्हणायचो, "हा आमचा." यजमान हसायचे. बायको हसायची नाही. तिने हा विनोद लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकलाय.

मुलीने स्वतःच ठरवलेल्या मुलाच्या घरी, बोरिवलीला, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चपला काढता काढता मी त्यांच्या चपलांच्या कपाटाला चुंबक लावला. टक् असा आवाज आला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. "सीआर आहे," मी होणाऱ्या व्याह्यांना सांगितलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि कपाटाकडे अशा नजरेने बघायला लागले, जसं काही इतकी वर्षं त्यांनी कुणा भलत्यालाच घरात ठेवून घेतलं होतं.

परतीच्या टॅक्सीत मुलगी म्हणाली, "बाबा, लग्नाच्या दिवशी किल्ल्या आईच्या पर्समध्ये. चुंबक काढून."

"आणि साखरपुड्याला?"

"साखरपुड्याला तू आलाच पाहिजेस असं काही नाही."

तर सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड. एकदाच सांगतो, पुन्हा त्रास देणार नाही, असं मी घरी नेहमी म्हणतो आणि नेहमी त्रास देतो. पोलाद तापून लाल असताना लाटलं की जाडसर, खरबरीत, काळपट सालीचा पत्रा होतो. तो आडदांड कामांचा. तोच पत्रा आम्लात धुऊन, साल काढून, थंड असताना पुन्हा प्रचंड दाबाखाली लाटला की पातळ आणि गुळगुळीत होतो, पण त्या माराने हट्टी होतो. वाकवायला जाल तर तडकतो. मग त्याला बंद भट्टीत, बाहेरची हवा लागू न देता, तासन्‌तास तापवतात आणि सावकाश निवू देतात. तो मऊ होऊन बाहेर येतो, म्हणाल तसा वळतो, आणि शेवटी त्याच्यावरून एक हलका रूळ फिरवतात, इस्त्री केल्यासारखा. आधी लाटायचं, मग कोंडून तापवायचं, मग मऊ पडला की वरून इस्त्री. माझ्या वैवाहिक जीवनाचा इतका नेमका आराखडा मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडला नसता.

शिवाय त्यात कार्बन कमी. शंभर भागांत एका भागाचा दहावा हिस्सासुद्धा धड नाही. कार्बन वाढला की पोलाद कडक होतं, धार धरतं आणि फार ताणलं तर मोडतं. कार्बन कमी असला की मवाळ. दुमडा, दाबा, पातेल्यासारखं खोल ओढा, वेल्डिंग करा, तक्रार नाही. धार मात्र येत नाही. आमच्या घरात आईमध्ये कार्बन भरपूर आहे, बायकोत मध्यम आहे, मुलीत थेट आजीचा उतरलाय. मी लो कार्बन.

आणि हा पत्रा आहे कुठे म्हणाल, तर तुम्ही आत्ता बसलाय तिथून हाताच्या अंतरावर. वॉशिंग मशीनचं अंग, मीटरची पेटी, ट्यूबलाइटची पट्टी, कॉम्प्युटरचा डबा, गाडीचा दरवाजा, सोसायटीच्या जिन्याखालच्या पत्रपेट्या. पण तो कधी दिसत नाही, कारण तो कायम रंगाच्या आत असतो. लोक म्हणतात, काय सुंदर रंग आहे. रंग खाली ज्याच्यावर बसलाय त्याचं नाव कुणी घेत नाही. हे मी जेवताना सांगतो तेव्हा बायको म्हणते, "आमटी वाढू का?"

एकच दुर्गुण आहे. उघडा राहिला की गंजतो. त्याच्या अंगावर ना जस्त, ना काही, फक्त कारखान्यातून निघताना लावलेला तेलाचा हात. ते तेल हीच त्याची अब्रू. आपल्या बोटांना घाम असतो, घामात मीठ असतं, आणि तेल पुसलेल्या पत्र्यावर बोट टेकलं की चार दिवसांत त्या बोटाचा ठसा तांबडा होऊन वर येतो. म्हणून माझं एक वाक्य ठरलेलं आहे: कोऱ्या पत्र्याला हात लावू नये. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, हमालांना सांगतो, मुलगी तिसरीत असताना तिला गोदामात नेलं होतं तेव्हा तिलाही सांगितलं होतं. त्या वर्षी शाळेत तिने 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहिला. पहिली ओळ होती, 'माझे बाबा पत्र्याला हात लावू देत नाहीत.' बाईंनी खाली लाल शाईने विचारलं होतं, 'का?' निबंधात उत्तर नव्हतं.

लग्न ठरलं आणि माझ्या डोक्यात कपाट आलं. आमच्यात मुलीला सासरी जाताना कपाट देतात. माझ्या वडिलांनी, गिरणीतल्या पगारात, माझ्या बहिणीला दिलं. सासऱ्यांनी बायकोला दिलं, ते आमच्या मुलुंडच्या घरात बेडरूमची निम्मी भिंत अडवून उभं आहे आणि भांडण झालं की बायको त्याच्या दाराला टेकून बोलते, जणू माहेरचं माणूस पाठीशी आहे. मी तर पत्र्यातला. मी नाही तर कुणी द्यायचं?

"बाबा, नको," मुलगी म्हणाली. "लग्नानंतर आम्ही दोघं राहणार त्या घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये वॉर्डरोब आहे. स्लायडिंग."

मी तो वॉर्डरोब जाऊन बघितला. चुंबक लावला, खाली पडला. टकटक केली. "हा भुसा आहे," मी म्हणालो. "भुसा दाबून वरून कागद चिकटवलाय."

"दिसतो छान ना?"

"एक पावसाळा जाऊ दे."

"बाबा, तू शाप देतोयस का सल्ला?"

हे तीन आठवडे चाललं. शेवटी एका रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन तिने अटी सांगितल्या. एकच कपाट. अरुंद. ऑफ-व्हाइट रंग. आरसा नाही, मोर नाही, दारावर फुलांची नक्षी नाही. "आणि गंजाचा एक ठिपका जरी दिसला, तर त्याच दिवशी टेम्पो बोलावून कपाट परत मुलुंडला. मान्य?"

मी मान्य म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तिला संशय आला असावा. पण तिला काय कळणार. सत्तावीस वर्षांत माझ्या धंद्यातली एकही गोष्ट तिने आपणहून हातात घेतली नव्हती. बारावीनंतर एकदा मी म्हटलं होतं, ऑफिसला येऊन बस. ती म्हणाली होती, "आणि दिवसभर काय बघू, पत्रा?" आता अटी घालून का होईना, ती माझा पत्रा घरात घ्यायला तयार झाली होती. तो परत येता कामा नये, एवढंच मला हवं होतं.

पत्रा निवडायला मी महिना घेतला. गोदामात एकेक शीट खिडकीच्या उजेडात तिरकी धरून बघायची, रुळाची रेघ आहे का, तेलाचा डाग आहे का. बायकोने फोन करून विचारलं, "पत्रा बघताय की सून?" शेवटी गाड्यांच्या कारखान्यांना जातो त्या प्रतीची, खोल ओढायच्या कामाची, लोण्यासारखी मऊ शीट निवडली. कपाटाला तिची काहीच गरज नव्हती. उपम्यात केशर घालण्यातला प्रकार.

कपाट बनवणारा माझा जुना मित्र. मूळचा मालवणकडचा, भांडुपला त्याचा गाळा आहे. तो इलेक्ट्रिकच्या पॅनलच्या पेट्या बनवतो, पूर्वी कपाटं बनवायचा. त्याने शीटवर नुसती नजर टाकली.

"कपाटाक ह्यो माल? अरे ह्याचो गाडीचो दरवाजो होतलो."

"होऊ दे ना मग. माझ्या मुलीचं कपाट आहे."

"कपाट घाटकोपरात उभा रवतला ना? का हायवेवर पळवतलंस?"

पण मनापासून केलं त्याने. मापं घेतली, कातरलं, प्रेसवर घडी घातली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही दरवाजे लाकडी फळ्यांवर आडवे झोपवले. रंग दसऱ्यानंतर. त्या दोन दरवाजांइतकी सुंदर गोष्ट मी त्या वर्षी पाहिली नाही, आणि त्या वर्षी मी जावई पाहिला होता.

दसऱ्याला त्याच्या गाळ्यात यंत्रांची पूजा असते. मी आईला आणि बायकोला घेऊन गेलो. मुलीला ऑफिसचं काम होतं, ती आली नाही. यंत्रांना झेंडूच्या माळा, उदबत्ती, सगळं झकास. मित्र पेढे आणायला बाहेर पडला आणि दारातून वळून मला म्हणाला, "प्रेसची पूजा कर, कातरमशीनची कर. दरवाजाक हात लाव नको." मी हसलो. मला सांगतोय.

आई आता ब्याऐंशीची आहे. ती काठी टेकत टेकत दरवाजांपाशी जाऊन उभी राहिली. "हेच का कपाट?"

"हे दरवाजे. कपाट अजून व्हायचंय."

"सासरी जाणारी वस्तू आहे. हळदीकुंकू लागायला हवं."

"आई, रंग झाला की लावू."

"रंग झाल्यावर कुंकू वर राहतं, पुसलं जातं. आधी लावलं की आत राहतं." हा युक्तिवाद इतका पक्का होता की कुंकवाची डबी मीच उघडून दिली. तिने कुंकू पाण्यात कालवलं, अनामिका बुडवली आणि उजव्या दरवाजाच्या मधोमध स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ घसरून थेंब होऊन बाजूला गोळा झाली.

"धरत नाही हे. तेलकट आहे. पूस."

"ते तेल पुसायचं नसतं आई."

"मग तेलावर लावू? तेलावर शेंदूर लावतात, मारुतीला. पोरीच्या कपाटाचा मारुती करायचाय का तुला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. ती अनामिका तशीच वर धरून उभी होती, लाल थेंब मनगटाकडे ओघळत होता. बाजूच्या टेबलावर थिनरची बाटली आणि फडकं होतं. पुढचं मी केलं. कुणी जबरदस्ती केली नाही. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं लोकांना तेलाचं महत्त्व पटवलं, त्याने फडक्यावर थिनर घेऊन मधला हातभर भाग काचेसारखा स्वच्छ पुसला. आणि नीट पुसलं गेलंय का हे बघायला वरून तळवा फिरवून टेकवला. ऊन होतं, हाताला घाम होता. "बघ, किती गुळगुळीत आहे," असंही मी म्हणालो.

आईने स्वस्तिक काढलं. तिच्या स्वस्तिकाचा खालचा एक हात नेहमी आखूड येतो, आमच्या उंबरठ्यावर आयुष्यभर तो तसाच आहे. मग हळद, मग मी फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडलं, मग ओले झेंडू आणि आपट्याची पानं वर वाहिली. म्हणजे मीठ, पाणी, पाला, जे जे म्हणून कोऱ्या पत्र्यापासून दूर ठेवा असं मी सांगतो ते सगळं आम्ही भक्तिभावाने त्याच्यावर नेऊन ठेवलं. मित्र पेढे घेऊन आला तेव्हा वर फुलांचा ढीग होता. त्यालाही वाटलं असेल, फुलंच आहेत. पेढे खाल्ले, शटर ओढलं. जोडून सुट्या आल्या होत्या, गाळा चार दिवस बंद. त्या चार दिवसांत परतीचा पाऊस दोनदा येऊन गेला.

पाचव्या दिवशी मित्राचा फोन आला. तो शुद्ध मराठीत बोलत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तू जरा येऊन बघतोस का?"

फुलं त्याने बाजूला केली होती. दरवाजावर स्वस्तिक उमटलं होतं, तांबडं, खरबरीत, कुंकवापेक्षा ठसठशीत. एक हात आखूड. शेजारी चार बोटं आणि तळव्याची कड, कुणी आशीर्वाद द्यावा तशी. आजूबाजूला झेंडूंचे गोल.

"सत्तावीस वर्सां तू नेमका काय विकलंस रे?" मित्राने विचारलं.

मग तो सरळ म्हणाला, नवा दरवाजा कापूया, शीट शिल्लक आहे, दोन दिवसांचं काम. आणि कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण नवा दरवाजा म्हणजे जुना भंगारात. कुंकू लावलेला दरवाजा, लग्नघरातला, भंगारात. आईने विचारलं असतं, माझं कुंकू कुठाय, तर काय सांगणार होतो? तिच्या कानांनी 'कुंकू पुसलं' हे शब्द त्या दिवसांत ऐकले असते तर तिने लग्नाची तारीख बदलायला लावली असती. मी मित्राला म्हणालो, "घासू आणि रंगवू."

"आतलो गंज जाणार नाय. खड्डो पडलो आसा."

"मी घासतो."

मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. बोटांचे ठसे जोर लावून घासले. स्वस्तिकापाशी आल्यावर हात आपोआप हलका झाला. लोक समजतात माणूस भित्रा असतो म्हणून चुका करतो. मी भित्राही होतो, पण त्याहून जास्त, मला ते घासवेना. वरवर फिरवलं. खड्ड्यांतला तांबडेपणा तसाच राहिला. मग मित्राने खड्डे बुजवायला त्याच्यावर लांबीची पुट्टी भरली, प्रायमर मारला, ऑफ-व्हाइट रंगाचे दोन हात दिले. दरवाजा असा दिसायला लागला जसा काही जन्मापासून निष्पाप होता.

"एक पावसाळो काढीत," मित्र म्हणाला. "फुडचा देवाक ठावक."

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. बायकोने विचारलं, "झालं का नीट?" मी म्हटलं, "एकदम." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढली.

कपाट घाटकोपरला नेलं तेव्हा ते लिफ्टमध्ये मावलं नाही. टेम्पोवाल्यांनी जिन्याने चढवलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला ठोकलं. मागच्या कोपऱ्यात चांगला वाटीएवढा पोचा आला. जावई बिचारा घाबरला. मी त्याला तिथेच, हमालांच्या खांद्यांवर कपाट असताना, समजावलं की पोचा येणं हाच या पत्र्याचा गुण आहे. कडक असता तर तडा गेला असता, रंग उडाला असता. हा मार खातो, आत घेतो आणि जागेवर राहतो. हमालांपैकी एक म्हणाला, "साहेब, हा राहतो, आम्ही नाही राहणार. पुढे चला."

मुलीने पोच्यावरून बोट फिरवलं. "पोचा करारात नव्हता," ती म्हणाली. "चालेल. गंज करारात आहे."

लग्न झालं. किल्ल्या बायकोच्या पर्समध्ये होत्या. हॉलवरच्या खुर्च्या स्टीलच्या होत्या की सीआरच्या, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी बदललो. पूर्वी मी मुलीला आठवड्यातून एकदा फोन करायचो, आता एक दिवसाआड व्हिडिओ कॉल करायला लागलो. "जरा बेडरूममध्ये चल ना, तिकडे उजेड चांगला आहे." ती चालत जायची आणि मी तिच्या खांद्यावरून मागे दरवाजा बघायचो. एप्रिल, मे, पांढराशुभ्र. जूनमध्ये एकदा ती म्हणाली, "बाबा, तू मला फोन करतोस का कपाटाला?"

"दोघांना."

"मग त्यालाच नंबर देते."

जुलैत अचानक ती फोन स्वयंपाकघरातच घ्यायला लागली. बेडरूममध्ये चल म्हटलं की पसारा आहे म्हणायची. ऑफिसात माझं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पत्रा गंजणार नाही ना?" मी त्याला म्हणालो, "सगळंच गंजतं हो." त्याने दुसरीकडून माल घेतला.

श्रावणातल्या एका शनिवारी मी न सांगता घाटकोपरला गेलो. पिशवीत वर नारळीभाताचा डबा होता, खाली पॉलिश पेपर, थिनरची बाटली आणि त्याच ऑफ-व्हाइट रंगाची छोटी डबी. बेत साधा होता. ती चहा करायला गेली की दरवाजा तपासायचा. काही दिसलं तर तिला बाहेर पिटाळून काम उरकायचं. जावई घरी नव्हता, देवाची कृपा.

"चहा टाकते," ती म्हणाली. मी बेडरूममध्ये गेलो.

स्लायडिंग वॉर्डरोबचं एक दार रुळावरून उतरून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. खालची कड पाण्याने फुगून पुस्तकासारखी उघडली होती. मी त्याच्याकडे पुरेसा वेळ बघितलं, तेवढा मला हक्क होता. मग कपाटाकडे वळलो. पोचा होता तिथेच होता. डाव्या दाराला दुधाचा हिशेब, गॅसचं कार्ड, एका हॉटेलचा मेनू, सगळं छोट्या छोट्या चुंबकांनी लावलेलं, थायलंडहून आणलेला एक हत्ती, एक नारळाचं झाड. आणि उजव्या दाराच्या मधोमध एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर, तीन कोपऱ्यांना तीन चुंबक. चौथा कोपरा पंख्याने फडफडत होता.

मला बरं वाटलं. कॅलेंडर लावलंय, म्हणजे तिला काही दिसलेलं नाही. मग वाटलं, नेमकं इथेच का लावलंय? मी फडफडणारा कोपरा धरून वर उचलला.

रंगाला फोड आले होते. फोडांचं स्वस्तिक झालं होतं, कडेने तांबडं पाझरलेलं, एक हात आखूड. आणि शेजारी, मी इतक्या जोराने घासलेली, माझी चार बोटं.

"सापडलं?" मागून आवाज आला. ती दोन कप घेऊन दारात उभी होती.

मी कोपरा सोडला. "कधी दिसलं?"

"जुलैत. पहिल्यांदा वाटलं भिंतीची ओल आहे. मग आखूड हात दिसला. आजीचं स्वस्तिक मी ओळखते, बाबा."

"बोलली नाहीस."

"तू बोललास? ऑक्टोबरपासून?"

मी चहा घेतला. बसायला जागा नव्हती, पलंगावर कपड्यांचा ढीग होता, फुगलेल्या वॉर्डरोबातून काढलेला. मी तिला सगळं सांगितलं. तेल, थिनर, मारुती, अनामिका. मित्र नवा दरवाजा करणार होता हेही. ती ऐकत होती. मारुतीपाशी तिला हसू आलं, ते तिने चहात लपवलं.

"बोटं आजीची नाहीत," ती म्हणाली.

"माझी आहेत. गुळगुळीत आहे का बघत होतो."

"होतं?"

"फार."

मग मी म्हणालो, "करार करार असतो. टेम्पो मी बोलावतो."

"बोलाव. आणि हे कपडे कुठे ठेवू, तुझ्या ऑफिसात?" तिने पलंगाकडे हात केला. मी वॉर्डरोबकडे बघितलं आणि तोंड उघडलं. तिने लगेच बोट वर केलं. "एक शब्द नाही. भुसा हा शब्द तर अजिबात नाही."

मी नाही बोललो. सत्तावीस वर्षांत इतकी मोठी ऑर्डर हातातून सोडली नव्हती.

पिशवीतून पॉलिश पेपर काढला. "अर्ध्या तासाचं काम आहे. या वेळी नीट घासतो, खालपर्यंत. रंग आणलाय."

तिने कप खाली ठेवला, माझ्या हातातला पेपर घेतला आणि परत पिशवीत टाकला. "हात लावू नकोस. कोऱ्या पत्र्याला हात लावू नये."

"आता कोरा कुठे राहिलाय तो?"

"म्हणून तर. आणि आजीला कळू देऊ नकोस. तिला वाटेल आपोआप उमटलंय, तुमची अख्खी बिल्डिंग नारळ घेऊन माझ्या बेडरूममध्ये येईल. पुन्हा नारळाचं पाणी."

ती कॅलेंडर सारखं करायला लागली. तीन कोपरे बसले, चौथा पुन्हा उडाला. तिने मागे न बघता माझ्यापुढे हात पसरला.

"काय?"

"तुझा चुंबक दे. हे हत्तीबित्ती दमाचे नाहीत."

किल्ल्यांच्या कडीतून तो निघेना, इतकी वर्षं तिथे होता. नखाने कडी उघडून शेवटी काढून दिला. तिने तो चौथ्या कोपऱ्यावर धरला. टक्.

आता कुणाच्या घरी गेलो की मी आधी पाणी मागतो.